सगळ्या चौकांत आरएसयू (गाड्यांशी बोलणारे, रस्त्याकडेचे रेडिओ संच) बसवले की गाड्या आणि सिग्नल जोडले गेले, असं समजायचं का?

नाही. खांबावर रेडिओ लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. घड्याळ आणि लेनचा नकाशा चुकला, तर तोच रेडिओ गाड्यांना सेकंदाला दहा वेळा चुकीची माहिती देत राहतो.

साहित्य फार लागत नाही. खांबावर आरएसयू, त्याचा जीपीएस अँटेना, खालच्या पेटीत सिग्नलचे दिवे चालवणारा असा कंट्रोलर जो दिव्यांची सद्यस्थिती आणि उरलेला वेळ बाहेर देऊ शकेल, दोघांना जोडणारी इथरनेट केबल आणि नियंत्रण कक्षापर्यंत फायबर किंवा मोबाईल डेटा. पेटी ते आरएसयू केबलची लांबी 100 मीटरच्या आत ठेवा, आणि वीज पडण्यापासून बचाव करणारा सर्ज प्रोटेक्टर विसरू नका. जुना कंट्रोलर ही माहिती देतच नसेल तर आधी तो बदला, मग आरएसयूची निविदा काढा. क्रम उलटा झाला तर आरएसयू नुसते खांबावर लटकत राहतात.

रेडिओ निवडताना एकच खबरदारी: 5.9 गिगाहर्ट्झ पट्ट्यात डीएसआरसी (वाय-फायच्या धर्तीचं) आणि सी-व्हीटूएक्स (मोबाईल नेटवर्कच्या धर्तीचं) अशी दोन तंत्रं आहेत आणि ती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. अमेरिकेने 2020 साली या पट्ट्यातला मोठा भाग वाय-फायसाठी मोकळा केला आणि उरलेला सी-व्हीटूएक्सकडे वळवला. तुमच्याकडच्या गाड्यांत काय येतंय ते बघून ठरवा.

आता खरी गोम. आरएसयू मुख्यतः दोन संदेश पाठवतो. 'मॅप' म्हणजे चौकातल्या लेनची भूमिती, आणि 'स्पॅट' म्हणजे कोणत्या सिग्नल गटाला (एकत्र रंग बदलणाऱ्या दिव्यांना) कोणता रंग आहे आणि तो कधी बदलणार. मॅपमधली प्रत्येक लेन स्टॉप लाइनपासून मोजली जाते आणि तिला सिग्नल गटाचा क्रमांक दिलेला असतो. हा क्रमांक आणि कंट्रोलरमधला फेज (ठरावीक दिशांना हिरवा देणारा टप्पा) यांची जोडणी चुकणं हा नेहमीचा घोटाळा. उजव्या वळणाच्या लेनला सरळ जाणाऱ्यांचा हिरवा दिसू लागतो, आणि संगणकावर मात्र सगळं आलबेल. लेन जेमतेम तीन-साडेतीन मीटर रुंद असते आणि उंच इमारतींच्या मधे साध्या जीपीएसची चूक त्याहून मोठी असू शकते. म्हणून केवळ उपग्रह चित्रावरून रेघा मारू नका, आरटीके रिसीव्हर (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) घेऊन स्टॉप लाइन मोजा. पुढे रस्त्यावरचे पट्टे नव्याने मारले तर मॅपही नवा करा आणि त्याचा आवृत्ती क्रमांक वाढवा. पट्टे मारणाऱ्या ठेकेदाराला हे कुणी सांगत नाही, त्यामुळे ती जबाबदारी कागदावर कुणाच्या तरी नावावर असू द्या.

वेळेचंही तसंच. स्पॅटमधला वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतो आणि जीपीएसचा वेळ त्याच्या 18 सेकंद पुढे चालतो. ही दुरुस्ती राहून गेली तर संपत आलेला हिरवा अजून 18 सेकंद आहे असं गाडीला वाटतं. एका सेकंदाची गफलतसुद्धा ताशी 36 किलोमीटरला 10 मीटर पडते.

वाहनसंख्या बघून हिरवा लांबवणारा सिग्नल असेल तर शेवट आधी कळतच नाही. अशा वेळी 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' असे दोन वेळ पाठवतात. या दोन वेळांत मोठं अंतर असेल तर 'हिरव्यात पोचायला इतका वेग ठेवा' हा सल्ला चालकाला दाखवू नका. आकडा सारखा उड्या मारतो आणि लोक त्याकडे बघणं सोडतात.

चाचणी प्रत्येक लेनमधून गाडी नेऊनच करा. खांबावरचा दिवा आणि डॅशबोर्डवरचा पडदा एकाच व्हिडिओत टिपा; सेकंदाला 30 फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे 33 मिलीसेकंद, म्हणजे उशीर सरळ मोजता येतो. पादचारी बटण, रुग्णवाहिकेचा अग्रक्रम आणि रात्रीचा लुकलुकणारा पिवळा तपासायला विसरू नका. चुका बहुतेक तिथेच सापडतात.

लगेच फायदा हवा असेल तर बसपासून सुरुवात करा, कारण सगळ्या बसमध्ये यंत्र बसवणं तुमच्या हातात आहे. बस विनंती पाठवते, कंट्रोलर हिरवा काही सेकंद लांबवतो किंवा लवकर आणतो. पादचाऱ्यांचा किमान वेळ मात्र कापायचा नाही, आणि अंतिम निर्णय कायम कंट्रोलरचाच. आरएसयूने दिवे थेट हलवायचे नाहीत. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर प्रवासी चढेपर्यंत लांबवलेला हिरवा फुकट जातो. अशा ठिकाणी दार बंद झाल्यावरच विनंती जाऊ द्या किंवा थांबा चौकापलीकडे न्या.

खासगी गाड्यांच्या माहितीवरून रांग मोजायची घाई नको. 20 पैकी एकच गाडी जोडलेली असेल तर दहा गाड्यांच्या रांगेत तशी एकही नसण्याची शक्यता सुमारे 60 टक्के. त्यामुळे रस्त्यात पुरलेले, गाडी ओळखणारे तारेचे लूप आणि कॅमेरे काढू नका.

देखभालीच्या करारात सुरक्षा प्रमाणपत्रांचं नूतनीकरण वेगळं लिहून घ्या. आरएसयूच्या संदेशांवर डिजिटल सही असते आणि प्रमाणपत्राची मुदत संपली की गाड्या ते संदेश निमूटपणे टाकून देतात. खांबावरचा हिरवा एलईडी तेव्हाही चालूच असतो, त्यामुळे मुदतीचा इशारा नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर आलाच पाहिजे.