वाचकांचे प्रश्न : सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारू नका

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळ माझे फर्निचरच्या रंगकामाचे छोटे वर्कशॉप आहे. तेथे मी 2 अश्वशक्तीचा, सिंगल फेजवर चालणारा, 110 लिटर टाकीचा जुना कॉम्प्रेसर आणून बसवला आहे. सकाळी मोटार व्यवस्थित सुरू होते. मात्र टाकी एकदा भरून बंद झाल्यावर पुन्हा सुरू होताना ती नुसती घुमते आणि एमसीबी पडतो. पावसाळ्यात स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्हमधून हवा गळते, म्हणून एका फिटरने तेथे बूच मारण्याचा सल्ला दिला आहे. काय करावे?

उत्तर : आपण सर्वांत शेवटी विचारलेल्या गोष्टीचे उत्तर आधी देतो : बूच मारू नका, आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसेपर्यंत कॉम्प्रेसर सुरूही करू नका. प्रेशर स्विच चिकटला आणि मोटार थांबलीच नाही, तर टाकीतली हवा बाहेर सोडणारी ती एकमेव वाट असते. दाब दाखवणाऱ्या घडीवर (गेजवर) 8 किलो दिसते तेव्हा टाकीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 8 किलोचा रेटा असतो. टाकीचे झाकण 40 सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर त्या एका झाकणावर सुमारे 10 टनांचा भार पडतो. नवा व्हॉल्व्ह प्रेशर स्विच ज्या दाबाला मोटार बंद करतो त्याहून किंचित जास्त दाबाला उघडणारा असावा, पण टाकीच्या पट्टीवर कोरलेल्या कमाल दाबापेक्षा जास्त दाबाचा मुळीच नसावा.

जुन्या टाकीवर ती पट्टीच नसेल, किंवा तळाशी गंजाचे फोड दिसत असतील, तर टाकीची पाण्याने दाबचाचणी करून घ्यावी. चाचणीला हवा वापरत नाहीत, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही आणि टाकी फुटलीच तर ते फक्त गळून जाते. दाबलेली हवा मात्र पत्र्याचे तुकडे उडवते. भंगारात निघालेली एक टाकी कापताना मी पाहिली आहे : वरचा पत्रा अगदी शाबूत होता आणि तळाचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आरपार गेला. अशा टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नये, ती बदलावी.

तळ असा खाणारे पाणी तेच, जे आपल्या स्प्रे गनमधून येते. पावसाळी हवेतली वाफ दाबाखाली टाकीत थंड होऊन साचते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत आपल्या कॉम्प्रेसरचा पंप तासभर चालला, तर दीडशे मिलिलिटरहून अधिक पाणी निघू शकते. म्हणून टाकीखालचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी थोडा दाब शिल्लक असताना हळू उघडावा आणि तांबूस पाणी संपून कोरडी हवा येऊ लागेपर्यंत उघडा ठेवावा. रंगकामासाठी याशिवाय गनच्या अलीकडे पाणी गाळणारा फिल्टर हवाच, आणि तो टाकीला चिकटून न बसवता काही मीटर पाइपनंतर बसवावा, म्हणजे हवा तोवर निवते. हा पाइप पीव्हीसीचा नसावा. दाबाखाली तो तडकला की त्याच्या धारदार चिपा उडतात.

आता मोटारीबद्दल. कॉम्प्रेसर थांबताच प्रेशर स्विचपाशी क्षणभर ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. पंपाच्या डोक्यावर अडकलेली हवा तेव्हा सुटते आणि पुढच्या वेळी मोटारीला मोकळे फिरता येते. तो आवाज येत नसेल, तर ही हवा सोडणारा अनलोडर बंद पडला आहे आणि मोटार दाबाविरुद्ध सुरू होऊ पाहते आहे. आवाज येऊन थांबतच नसेल, तर टाकीतली हवा मागे येऊ न देणारा, टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब आहे. हे दोन्ही ठीक असतील, तर वायर तपासावी. ही मोटार चालताना 10-11 अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट. बारीक एक्स्टेन्शनवर तेवढ्यात व्होल्टेज पडते आणि मोटार घुमत राहते. कॉम्प्रेसर बोर्डाजवळच ठेवून हवेचा पाइप लांब घ्यावा, वायर किमान 2.5 चौरस मिलिमीटरची असावी आणि अर्थिंग स्वतः तपासून घ्यावे. एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी लावणे हे सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारण्यासारखेच आहे.

यंत्र सपाट जमिनीवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर आणि रंगाच्या वाफेपासून लांब, शक्यतो भिंतीपलीकडे ठेवावे, कारण प्रेशर स्विचची ठिणगी थिनरच्या वाफेला पुरेशी असते. बेल्टवरची जाळी काढून ठेवली असेल, तर आजच बसवावी.

प्रश्न : काम संपल्यावर आमची कामावरची मुले कॉम्प्रेसरच्या त्याच पाइपने अंगावरची धूळ उडवतात. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हवेचा झोत जखमेतून कातडीखाली शिरतो, डोळ्यात कण घुसवतो, कानाचा पडदा फाडतो. गमतीने कोणाच्या अंगाला नोझल लावल्याने आतडे फुटून माणसे दगावली आहेत. मुलांना एक ब्रश द्यावा, आणि हाताला पाणी लागेल अशा जागी एक साबण.