गोव्याचे खासदार दोनच, मग दिल्लीत कायदा होताना आपल्याला कोण विचारतं?

लोकसभेत ५४३ जण, त्यात गोव्याचे दोन. राज्यसभेत तर एकच. मग कायदा होताना गोव्याचं कोण ऐकतं, आणि विधेयक ‘आलं’ म्हणजे कायदा झाला असं धरायचं का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नावर मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून आधी तोच घेतो.

पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी रात्रपाळीला होतो. दिल्लीच्या बातम्या इंग्रजीतून यायच्या, त्यांचं मराठी करून पानाला लावायचं. ५ ऑगस्ट २०२४ ला गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींना राखीव जागा मिळाव्यात यासाठीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. पान सोडायची घाई होती. ‘विधेयक सादर’ लिहायच्या जागी मी ‘कायदा संमत’ ठोकून दिलं. सकाळी केपे तालुक्यातून वेळीप या आदिवासी समाजातल्या एका वाचकाचा फोन: “कायदो जालो मरे? मागीर जागा कितल्यो?” (कायदा झाला ना? मग जागा किती?) काय सांगणार, कपाळ!

झालं होतं इतकंच, की मंत्र्याने विधेयक मांडायची परवानगी मागितली आणि सभागृहाने दिली. याला पहिलं वाचन म्हणतात. वाचन नावाला, वाचत कोणी नाही. खरं काम दुसऱ्या वाचनात. आधी तत्त्वावर चर्चा, मग एकेक कलम मताला, दुरुस्त्या असतील तर त्याही. किचकट विधेयक त्याआधी खासदारांच्या समितीकडे जाऊ शकतं, आणि समितीत पक्षाचा आवाज थोडा खाली येतो असं माझं मत आहे, कारण तिथे कॅमेरे नसतात. तिसऱ्या वाचनात अख्खं विधेयक मंजूर किंवा नामंजूर. मग हे सगळं दुसऱ्या सभागृहात पुन्हा. त्यानंतर राष्ट्रपतींची सही आणि राजपत्र. अर्थविधेयकाला तेवढी सूट: राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचं, सूचना करता येतात, अडवता येत नाही.

आता गोव्याचं. या विधेयकाची गरज का पडली ते बघा. मतदारसंघांची २००८ ची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. त्या जनगणनेत गोव्यातले अनुसूचित जमातींचे लोक किती? ५६६. गावडा, कुणबी, वेळीप हे समाज यादीत आले २००३ मध्ये, म्हणजे गणती होऊन गेल्यावर. २०११ च्या जनगणनेत तोच आकडा १,४९,२७५ झाला, राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त. आणि ४० जणांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. हे गोवा विधानसभेच्या हातातलं नव्हतं, संसदेलाच करावं लागणार होतं. इथल्या जमातींच्या लोकांनी मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, त्यातून मसुदा झाला. आपलं वजन पडतं ते या टप्प्यावर, मसुदा मंत्रालयात असताना. सभागृहात दोन मतांनी फार काही हलत नाही, हे तुमचं खरंच आहे.

त्यातून बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने जातात. पीठासीन अधिकारी म्हणणार, “जो पक्ष में हैं वे हाँ कहें,” आणि ज्या बाजूचा गलका मोठा वाटेल ती जिंकली. कोणी मतविभाजन मागितलं तरच डोकी मोजली जातात. घटनादुरुस्तीला मात्र मोजावीच लागतात: एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. कोकणी घटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, गेली ती १९९२ मध्ये, अशाच दुरुस्तीने. उलट राज्य नवीन करायला साधं बहुमत पुरतं. आमच्या घरात अजून ‘फूल’ (महाराष्ट्रात विलीन) की ‘दोन पानं’ (वेगळं राहायचं) यावरून वाद होतो (आजोबा फुलाचे), पण गोव्याचा १९६७ चा तो जनमत कौल ज्या कायद्याने झाला तो दिल्लीतच झाला होता, हे कोणाच्या लक्षात नसतं. १९८७ चं घटक राज्यही संसदेच्याच कायद्याने.

तर आमचं विधेयक. मांडल्यावर ते वर्षभर पडून राहिलं. ५ ऑगस्ट २०२५ ला, बरोबर वर्षाने, लोकसभेत दुसऱ्याच विषयावरच्या गोंधळात ते आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि ११ तारखेला राज्यसभेतही. त्या वेळी मथळा मी तीनदा तपासला. केप्याच्या त्या गृहस्थांना मीच फोन केला. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, जागा किती? मी कलमं काढून बसलो. त्यात आकडाच नाही. जनगणना आयुक्तांनी लोकसंख्या निश्चित करायची आणि त्यावरून निवडणूक आयोगाने जागा ठरवायच्या, एवढंच लिहिलंय.