सोडियम सेलेनाइटची सुटी पावडर गोठ्यात नको

सेलेनियम हे अगदी थोडे लागणारे खनिज, त्याबद्दल एरवी फारसे कुणी विचारत नाही. अलीकडे मात्र दूधवाले, शेळीवाले आणि कांदावाले असे तिघेही विचारू लागले आहेत, आणि बहुतेकांनी तेच दोन-तीन व्हिडिओ पाहिलेले दिसतात. म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तर देतो. जनावरांच्या औषधाचा शेवटचा शब्द पशुधन विकास अधिकाऱ्यांचा, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न (फलटण, दूध उत्पादक): व्याल्यावर संकरित गायींची वार (जार) वेळेवर पडत नाही. सेलेनियम कमी असेल असे एकाने सांगितले. सोडियम सेलेनाइटची पुडी ऑनलाइन मिळते, ती क्विंटलभर खुराकात एक चमचा टाकायची म्हणतात. टाकू का?

उत्तर: टाकू नका. चमच्याचा हिशोब करून पाहू, म्हणजे का ते कळेल.

सोडियम सेलेनाइट हा सेलेनियमचा क्षार आहे. पांढरा, दिसायला मिठासारखा, पाण्यात लगेच विरघळणारा. बिनपाण्याच्या शुद्ध क्षारात वजनाच्या सुमारे ४५ टक्के सेलेनियम असते. गायीला दिवसभराच्या कोरड्या चाऱ्या-खुराकात किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम पुरते. म्हणजे एक टन खुराकाला ०.३ च्या हिशोबाने हा क्षार लागेल पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी. क्विंटलला त्याचा दहावा भाग. एवढे वजन आपल्या दुकानातल्या काट्यावर दिसतसुद्धा नाही.

आता चमचा घ्या. चहाच्या एका चमच्यात पाच ग्रॅम धरले, तर त्यात सव्वादोन ग्रॅमच्या वर सेलेनियम आले. ते क्विंटलमध्ये अगदी सारखे मिसळले असे मानले, तरी किलोमागे जवळजवळ २३ मिलिग्रॅम होतात. चार किलो खुराक खाणाऱ्या गायीच्या पोटात रोज नव्वद मिलिग्रॅम जातील. बारा किलो कोरडा आहार खाणाऱ्या गायीची गरज आहे साडेतीन-चार मिलिग्रॅमची. हे झाले पंचवीस पट, तेही मिश्रण सारखे झाले तर. फावड्याने खालीवर केलेल्या ढिगात ते सारखे होत नाही. एका घमेल्यात काहीच नसते आणि दुसऱ्यात गाय आडवी पाडण्याइतके असते.

सेलेनियम लागतेच, यात वाद नाही. ते आणि ई जीवनसत्त्व दोन्ही कमी पडले की वार अडकण्याचे, कासदाहाचे प्रमाण वाढते, वासरांचे स्नायू कमजोर होतात. पण ते द्यायचे तयार खनिज मिश्रणातून, पिशवीवर सेलेनियमचे प्रमाण लिहिलेले पाहून आणि कंपनीने सांगितले तेवढेच. गरज वाटली तर डॉक्टर व्यायच्या साधारण तीन आठवडे आधी इंजेक्शन देतात. मिश्रण, इंजेक्शन आणि वर पावडर असे तिन्ही एकदम चालू ठेवणारे गोठे आहेत, ते कृपा करून थांबवा.

आणि वार अडकते ती दर वेळी सेलेनियमनेच असे नाही. कॅल्शियम कमी असेल, जुळे असेल, दिवस भरायच्या आत गाय व्याली असेल. कळपात गाभ टाकण्याचे प्रकार झाले असतील तर ब्रुसेला या गाभ टाकायला लावणाऱ्या आजाराची रक्ततपासणी आधी करा. तो आजार माणसाला होतो, म्हणून उघड्या हाताने वार ओढू नका.

प्रश्न (पारनेर, शेळीपालन): करडांचे मागचे पाय ताठतात. ई जीवनसत्त्व-सेलेनियमचे इंजेक्शन घरी आहे. गायीला दहा मिली दिले होते, करडाला पाच चालेल ना?

उत्तर: चालणार नाही. गायीच्या निम्मे हा हिशोबच चुकीचा आहे, डोस वजनावर ठरतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांत मिलीमागे दीड मिलिग्रॅम सेलेनियम असते. पाच मिली म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. करडू दहा किलोचे असेल तर किलोमागे पाऊण मिलिग्रॅम पडले. कोकरांमध्ये किलोमागे ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम टोचल्यावर मरतूक झाल्याचे अभ्यास आहेत. तुमचा पाच मिलीचा डोस त्याच्याही पुढे जातो. एवढ्या करडाला डॉक्टर सहसा एक मिलीच्या आतच देतात, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा देत नाहीत.

जास्त झालेले तासाभरातही दिसू शकते. करडू मान खाली घालून उभे राहते, धापा टाकते, तोंडाला फेस येतो, श्वासाला लसणासारखा वास येतो. फुप्फुसात पाणी भरते. यावर नेमका उतारा नाही, डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात, म्हणून फोन करायला उशीर नको. जाताना बाटली सोबत न्या, लेबल फाडू नका.

जाणत्या हातूनही हे होते. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोलो खेळणाऱ्या एकाच संघाचे २१ घोडे मेले. त्यांना टोचलेले जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण औषधालयात मुद्दाम बनवून घेतले होते, आणि त्यात सेलेनियमचे प्रमाण चुकले होते. तिथे काटा चांगला होता, माणसे शिकलेली होती.

प्रश्न (निफाड, कांदा उत्पादक): सेलेनियमयुक्त कांद्याला परदेशात भाव मिळतो म्हणे. फिनलंडमध्ये ते खतातून देतात. सोडियम सेलेनेट फवारले तर?

उत्तर: सेलेनेट हा सेलेनियमचाच दुसरा क्षार. कांदा-लसूण सेलेनियम ओढतात हे खरे. ही गंधकावर प्रेम असलेली पिके, आणि सेलेनेट मुळातून गंधकाच्याच वाटेने आत जाते. पण किती आत गेले हे पातीकडे पाहून कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरते आणि ४०० ही वरची मर्यादा मानली जाते. मधले अंतर फार नाही.

फिनलंडचे उदाहरण तुम्ही दिले आहे. तिथे १९८४ पासून खतात सोडियम सेलेनेट घालतात, पण कारखान्यात, सरकारी देखरेखीखाली, किलोभर खतात मिलिग्रॅमच्या हिशोबाने. धान्य, दूध, मांस यांची तपासणी चालू ठेवून १९९० मध्ये त्यांनी प्रमाण उतरवले आणि नंतर पुन्हा वाढवले. फवारणी पंपात अंदाजे पुडी सोडण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या राज्याच्या सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड १ आणि ग्रेड २ या खतांमध्ये सेलेनियम नाही, मृद आरोग्य पत्रिकेतही ते तपासले जात नाही. खरेदीदाराचा लेखी करार आणि तपासणीचा अहवाल हातात नसताना यात पडू नका.

याच प्रश्नात सेलेनेटने मावा आणि कोळी या किडी मरतात का, असेही विचारले आहे. मरतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते दिसून आले आणि पुढे हरितगृहांतल्या फुलपिकांना सेलेनेट देतही. पण ते झाडात भिनते आणि जमिनीत साठून राहते, म्हणून खायच्या पिकाला ते कधीच योग्य नव्हते. कोळ्यासाठी नोंदणी झालेली औषधे दुकानात आहेत, ती लेबल वाचून वापरा.

प्रश्न (भंडारा): म्हशीच्या शेपटीचे टोक वाळून गळाले, खुराजवळ जखमा आहेत. ही सेलेनियमची विषबाधा का? पंजाबात असे होते असे वाचले.

उत्तर: पंजाबात होशियारपूर आणि शहीद भगतसिंग नगर जिल्ह्यांच्या काही गावांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. शिवालिकच्या डोंगरातून पाण्याबरोबर आलेल्या गाळाने ते साठले. तिथला चारा खाणाऱ्या जनावरांचे केस गळतात, खूर वाढून फाटतात. जिप्सम टाकल्यावर पिकातले सेलेनियम उतरते, कारण गंधक त्याची वाट अडवते. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात मात्र मी पहिला संशय तुमच्या तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) घेईन. ते पावसात भिजले होते असे तुम्हीच लिहिले आहे. बुरशी लागलेल्या तणसाने म्हशींची शेपटी, कान आणि पाय सडतात, त्याला देगनाला म्हणतात. तणस आजच बंद करा, डॉक्टरांना बोलवा. सेलेनियमचे इंजेक्शन आपल्या मनाने देऊ नका.

प्रश्न (फलटण, पुन्हा तेच): पुडी आधीच मागवली आहे. आता काय करू?

उत्तर: फोडली नसेल तर विकणाऱ्याला परत करा. फोडली असेल तर हातमोजे आणि मास्क घालून आहे तशी दुसऱ्या जाड पिशवीत बांधा, वर 'विष' लिहा, आणि मीठ, सोडा, खनिज मिश्रण यांच्यापासून लांब कुलपात ठेवा. उंदरांवरच्या चाचणीत किलोमागे सुमारे सात मिलिग्रॅमला निम्मे उंदीर मेले होते, तेव्हा लहान मुलांच्या हाती लागण्यासारखी ही वस्तू नाही. कुणाच्या पोटात गेलीच तर उलटी काढत बसू नका, पुडीसकट दवाखान्यात न्या.

उकिरड्यात पुरू नका, ओढ्यात किंवा शेततळ्यात तर मुळीच नको. कॅलिफोर्नियातल्या केस्टर्सन जलाशयात शेतातून निचरून आलेल्या पाण्याबरोबर सेलेनियम साठले आणि १९८३ मध्ये तिथे पाणपक्ष्यांची पिल्ले व्यंग घेऊन निघू लागली. विकणारा परत घेत नसेल तर बांधलेली पिशवी तशीच ठेवून आमच्या कार्यालयात कळवा. धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे ती कशी पाठवायची ते ठरवू. गेल्या आठवड्यात त्यातली थोडी खुराकात मिसळली गेली असेल तर तो खुराक बाजूला काढा, दुसऱ्या गोठ्याला विकू नका.