गुडघे दुखतात, होडी चालवू का? आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की आपल्या पूर्व विदर्भात गावागावाला तलाव आहे, मग कयाक (वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं), कॅनू (वल्ह्याला एकच पातं), अशी वल्ह्याची होडी चालवायचा नाद लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणीही लावून घ्यावा. त्यावर व्हॉट्सअॅपवर भराभर प्रश्न आले, दोन-चार शिव्या पण आल्या. सगळे छापता येत नाहीत, जे फिरून फिरून येऊन राहिले ते घेतले. नावं कोणाचीच छापली नाहीत.

"माहं वय ६३. गुडघे दुखतात. नातू पुण्याले शिकते, त्यानं मोबाईलवर कयाकचा व्हिडिओ दाखवला अन् म्हणे आजी तुले रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेतो. सून म्हणते ह्या वयात काही नको. मले तं जावं वाटते. जाऊ का?" – एक आजी, मौदा तालुका

आजी, जा. सूनबाईची काळजी खोटी नाही, पण ती काळजी वयाची कमी अन् चढण्या-उतरण्याची जास्त करायला पाहिजे, कारण एकदा बसलं की कयाकमध्ये गुडघ्यांना फारसं काम नसतेच, पाय थोडे वाकवून पुढच्या आधाराला टेकवायचे बस, सगळं काम कंबर, पाठ अन् खांदे करतात. नवीन माणूस हातानं ओढत राहते अन् दहा मिनिटात दंड भरून येतात, तसं करायचं नाही. वल्हं पुढं टाकताना त्या बाजूचा खांदा पुढं न्यायचा अन् मागं घेताना कंबरेतून फिरायचं, जात्यावर दळलं असेल तर तुम्हाला हे नातवाआधी जमेल. हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, खांदा तिथंच दुखावते.

आता बसायचं कसं. कयाक दोन प्रकारची असते. एकात पाय आत खुपसून भोकात बसावं लागते, ती तुमच्यासाठी नाही. दुसरी वरून उघडी, पाटासारखी सपाट, तिच्यावर नुसतं बसायचं, ती मागा, आणि दोघांची मागा म्हणजे नातू मागं बसेल. त्या उघड्या होडीला आरपार छिद्रं असतात, त्यातून पाणी वर आलं तर घाबरू नका, आत आलेलं पाणी निघून जायला ती ठेवलेलीच असतात. पोटरीभर पाण्यात होडीच्या बाजूला उभं राहायचं, पाठ होडीकडं, आधी बूड टेकवायचं अन् मग एक-एक पाय वर घ्यायचा. उभं राहून होडीत पाय टाकायला गेलं की माणूस पडलाच समजा, तरण्याताठ्यांचं पण तेच होते. उतरताना उलटं, आधी दोन्ही पाय पाण्यात, मग नातवाचा हात धरून उठायचं. गुडघे टेकून चालवायची कॅनू कोणी दिली तर सांगा की मी पाटीवर बसूनच चालवणार, कॅनूत बसायची पाटी उंच असते, कयाकपेक्षा उठायला सोपी पडते उलट.

बीपीची गोळी चालू असेल, चक्कर येत असेल, खांद्याचं किंवा हृदयाचं काही झालं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. खिंडसीला जायच्या आधी नातवाला तिथं फोन करायला लावा की उघडी दोघांची कयाक आहे का अन् तुमच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का. पहिल्या दिवशी काठाकाठानं अर्धा तास पुरे. अन् दिवाळीनंतर जा, नोव्हेंबर-डिसेंबरची सकाळ धरा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, पाण्यावर तर वरून पण ऊन अन् खालून पण ऊन.

सुनेला सांगायला दोन नावं देतो. पोलंडचा अलेक्झांडर डोबा, यानं कयाकमधून एकट्यानं अटलांटिक महासागर तीनदा पार केला, शेवटचा २०१७ मध्ये, तेव्हा त्याला ७१ वर्षं पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. अन् जर्मनीची बिर्गिट फिशर, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये १८ व्या वर्षी कयाकचं सोनं जिंकली अन् २००४ च्या अथेन्समध्ये ४२ व्या वर्षी परत जिंकली, एकूण आठ सोनं. तुम्हाला काही अटलांटिक पार करायचा नाही, खिंडसीत अर्धा तास फिरायचं आहे.

"मुलगा ११ चा, मुलगी ६ ची. दोघांनाही पोहता येत नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही. कोणत्या वयापासून शिकवता येतं? जॅकेट घातलं की झालं का?" – एक बाबा, पवनी

वयाचा आकडा विचारू नका, जॅकेट अंगावर नीट बसतं का अन् सांगितलेलं ऐकते का, ह्या दोन गोष्टी पाहा. सहा वर्षाची पोरगी पुढं बसेल, मागं मोठं माणूस, तिच्या हातात एक छोटं वल्हं द्या, ती नुसतं पाणी उडवेल, उडवू द्या. अकरा वर्षाच्या पोराला त्याच्या उंचीचं वल्हं दिलं तर तो दोन-तीन सकाळीत होडी सरळ न्यायला लागते. एका होडीत एका मोठ्या माणसासोबत एकच लेकरू. पण तो मोठा माणूस पोहणारा पाहिजे, म्हणजे सध्या तरी तो तुम्ही नाही. पोहणारा अन् होडी येणारा कोणी सोबत घ्या, अन् तिघंही पोहायला शिका, शिकता शिकता होडी पण चालू द्या.

जॅकेटचं मात्र नीट ऐका, कारण आपल्याकडं इथंच घोळ होते. मोठ्याचं जॅकेट लेकराला घालतात, लेकरू पाण्यात पडलं की जॅकेट वर अन् लेकरू खाली. घातल्यावर सगळे बक्कल लावा, पट्टे आवळा, मग खांद्याला धरून वर ओढून पाहा, कानापर्यंत सरकलं तर ते त्याचं नाही. लहान लेकराच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. जॅकेटवर न्यूटनमध्ये (किती जोरानं वर उचलते ते) आकडा लिहिलेला असते, ५० वालं पोहता येणाऱ्यासाठी, ते नुसतं तरंगायला मदत करते, १०० किंवा त्याच्या वरचं असेल तर ते तोंड पाण्याच्या वर ठेवायच्या हिशोबानं बनवलेलं. तुम्ही तिघं १०० वालं घ्या. गाडीची ट्यूब, तेलाची रिकामी कॅन, थर्माकोल हे जॅकेट नाही.

अन् काठावर ठेवलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, एकाच घरातले अन् नात्यातले, ते काही खेळाडू नव्हते. होडीत बसणारा खेळाडू असो का पाहुणा, जॅकेट पाण्याच्या बाहेरच बांधून बसायचं.

पहिल्या दिवशी एक काम करा, कंबरभर पाण्यात, गार नसेल अशा सकाळी, मुद्दाम होडी उलटवा. पोट्टे हसतील, त्यांना हा भाग सगळ्यात जास्त आवडते. पण त्यातून कळते की जॅकेट आपल्याला धरून ठेवते अन् होडी सोडायची नसते, होडी बुडत नाही, तिलाच धरून राहायचं.

"आम्ही पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की ट्यूबवर जातो. कयाक भेटली तं अजून मजा. बंधाऱ्यावरून उडी मारायचे व्हिडिओ आहेत आमचे." – चार मित्र, ब्रह्मपुरीकडचे

व्हिडिओ डिलीट करा पोट्टेहो.

बंधाऱ्यावरून पाणी खाली पडते तेव्हा ते सरळ पुढं जात नाही. भिंतीच्या पायथ्याशी ते गोल फिरते अन् वरचं पाणी परत भिंतीकडंच येते, त्यात लाकडाचा ओंडका सापडला तर तो तासन् तास तिथंच घुमत राहते. माणसाचं पण तेच होते, जॅकेट घातलं असलं तरी. अन् वरच्या अंगानं होडीत बसून येणाऱ्याला बंधारा दिसतच नाही, पाण्याची एक सरळ रेघ दिसते फक्त. म्हणून नदीत उतरायच्या आधी खाली कुठं कुठं बंधारा आहे हे काठानं चालून पाहायचं असते. वैनगंगेवर तर गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे आहेत, ते उघडले की खालची नदी बघता बघता वाढते, तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊन पण असू शकते. भोंगा वाजला, गावात दवंडी झाली, की नदी विषय बंद. पुरात होडी नाही म्हणजे नाही, यावर पुढं पत्र पाठवू नका.

विजेचं पण इथंच सांगून टाकतो. गडगडाट ऐकू आला की काठ गाठा, अन् शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. उघड्या तलावात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, वर हातात वल्हं.

"मला लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार द्यायची पट्टी) आहे. वय ३४. मी हे करू शकतो का की फक्त फोटो काढायचे?" – एक वाचक, लाखांदूर

दादा, धडधाकट अन् अपंग माणसातला फरक सगळ्यात कमी होते ते काही खेळ आहेत, त्यातला हा एक. पाण्यात गेल्यावर चालायचं काम कोणालाच नसते. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ २०१६ च्या रिओपासून आहे. आपली प्राची यादव, ग्वाल्हेरची, तिचे पाय चालत नाहीत, आधी पोहायची, मग भोपाळच्या छोट्या तलावावर होडी शिकली, टोकियो पॅरालिम्पिकच्या फायनलमध्ये गेली अन् २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सोनं आणलं.

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी. होडीत बसायच्या आधी कॅलिपर काढून काठावर कोणाजवळ तरी द्या, लोखंड-चामड्याचं वजन पायाला घेऊन पाण्यात पडायचं नाही. पाय होडीला बांधू नका, कोणी प्रेमानं दोरी घेऊन आला तरी नाही. एक पाय रेटा देते अन् दुसरा देत नाही म्हणून बसताना शरीर एकीकडं झुकेल, तर त्या बाजूला कंबरेपाशी फोमचा तुकडा खोचा, दोन-तीनदा जागा बदलून पाहा, बरोबर बसली की तुम्हालाच कळेल. कुबडी वापरत असाल तर दंड तुमचे आमच्यापेक्षा मजबूत असतील, पण कुबडीनं खांदे आधीच थकलेले पण असतात, हे लक्षात ठेवून अंतर हळूहळू वाढवा.

"मुलींसाठी यात पुढं काही आहे का, का नुसतं फिरणं?" – बारावीतली एक मुलगी, चिमूर

आहे. कयाकमध्ये बायका १९४८ पासून ऑलिम्पिकला आहेत, कॅनूत मात्र २०२१ च्या टोकियोपासूनच घेतलं, एवढा उशीर का केला ते त्यांनाच विचार. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग अन् सुनील सिंग या आपल्या पुरुषांच्या जोडीनं कॅनूच्या १००० मीटरमध्ये कांस्य आणलं. पण ताई, स्पर्धेसाठी घर सोडून भोपाळसारख्या ठिकाणी राहावं लागते, ते डोक्यात ठेव. अन् नुसतं फिरणं म्हणजे कमी, असं समजू नको. स्पर्धा काही वर्षाची, फिरणं साठीनंतर पण राहते, वरच्या आजीला विचार.

"हे सगळे श्रीमंताचे चोचले. इथं कापसाला भाव नाही अन् तुम्ही कयाक शिकवता." – एक शेतकरी, आर्णी तालुका

भाऊ, भावाचं तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण होडी श्रीमंताची नाही. आपल्या तलावांवर ढीवर भाऊ पिढ्यानपिढ्या डोंगा चालवून राहिले, उभं राहून बांबूनं रेटतात, जाळं टाकतात, शिंगाडे काढतात. शहरात त्याच उभ्या चालवण्याचे पैसे घेतात. माझं तर म्हणणं आहे की गावात कोणाला शिकायचं असेल तर पहिला गुरू तोच धरा, त्याला तलावाचा खोल भाग, बेशरमची झाडं, पाण्याखालचे खुंट, दुपारी वारा कुठून सुटते, सगळं माहीत असते. अन् शिकवायचे पैसे द्या त्याला, फुकट नाही. बहुतेक तलावात मासे धरायचा ठेका मच्छीमार संस्थेचा असते, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका, जाळ्यावरून होडी नेऊ नका, जाळं फाटलं तर भरून द्या. एक जॅकेट मात्र त्या भावाला पण द्या, तो घालत नाही, म्हणते मला गरज नाही. गरज आहे.

"कोणती होडी विकत घ्यावी? हवा भरायची स्वस्त भेटून राहिली ऑनलाईन." – अनेक जण

यंदा घेऊच नका. आधी जॅकेट घ्या, आठ-दहा वेळा दुसऱ्याच्या होडीत बसा, मग ठरवा. हवेची होडी मोटरसायकलवर मागं बांधून नेता येते हे खरं, पण आपल्या तलावाचे काठ बाभळीच्या काट्यानं भरलेले आहेत, ओढत नेली की संपली. घेतलीच तर कापडावर ठेवूनच फुगवा, उन्हात फुगवून सोडून जाऊ नका, हवा तापून शिवण सुटते. प्लॅस्टिकची उघडी होडी टिकते पण एकट्यानं उचलायला जड, म्हणून चार घरात मिळून एक घ्या. वल्हं हलकं घ्या, पैसे तिथं टाका.

वारा असेल त्या दिवशी आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकून परत येताना वारा पाठीशी राहते. हे विचारलं नव्हतं कोणी, पण सगळे उलटं करतात. अन् पेंच, ताडोबाच्या पाण्यात मगरी आहेत, जंगल खात्यानं होडी सोडली तिथंच अन् त्यांच्यासोबतच जायचं.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाव, तलाव का नदी, पोहता येते का, अन् आधीचं काही दुखणं, एवढं लिहा. नुसतं "जमेल का?" लिहिलं की आम्हाला काही सांगता येत नाही.