खापरपणजोबांचा कागद कुठे सापडेल?

प्रश्न : आमच्या घराण्याची पणजोबांच्या मागची माहिती कोणालाच नाही. मूळ गाव वाई तालुक्यात, आता तिथे आमचं कोणी राहत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन आडनाव सांगितलं तर वंशावळ मिळते का? की हल्ली सगळं ऑनलाइन आलंय?

उत्तर : आडनाव सांगून तिथे काही हाती लागत नाही हो, आधीच सांगते, नाहीतर तुमची एक रजा फुकट जाईल. पेशवे दफ्तर असतं पुणे पुरालेखागारात, आणि तिथले जुने कागद रुमालात बांधलेले असतात, ते लावलेत प्रांत, खातं, विषय अशा हिशोबाने, घराण्यांच्या नावाने नाही, आणि बहुतेक सगळं मोडी लिपीत. पूर्वज वतनदार असतील, पाटील, कुलकर्णी, देशमुख, किंवा घराला इनाम असेल तर जरूर जा, कारण वतनाच्या तंट्यात लोक चार-चार पिढ्या लिहून द्यायचे (भाऊबंदकीचे उपकारच म्हणायचे). साधं शेतकरी घर असेल तर आधी तहसीलची रेकॉर्ड रूम.

तिथे जुने फेरफार मागा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, गाव नमुना ६. खातेदार वारला की वारसनोंद होते, त्यामुळे एकाच फेरफारात बायको, मुलं, कधी लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा सापडतात. मुंबई इलाख्यातला हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्याच्या मागे मात्र ही वाट फारशी जात नाही. मग गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते जन्ममृत्यूचं. यात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी', म्हणून आजोबांचा जन्म शोधताना आजोबांचं नाव नाही, त्यांच्या वडिलांचं नाव शोधायचं.

आता वाचायचं कसं. समजा लिहिलंय 'तुका बिन राणू अ.पा.क. आई सावित्री कोम राणू'. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे नोंदीच्या वेळी पोरगा अज्ञान, अर्थात अल्पवयीन, होता, बाप लवकर गेला आणि आईने जमीन सांभाळली. एवढ्याशा ओळीत अख्खी गोष्ट आहे बघा, आडनाव मात्र नाही! मी स्वतः एका उताऱ्यावर 'रा. मजकूर' वाचून मजकूर नावाचं गाव दोन दिवस नकाशात शोधत होते, नंतर एका तलाठीभाऊंनी हसत सांगितलं की मजकूर म्हणजे वर लिहिलेलंच गाव.

ऑनलाइनचं म्हणाल तर महाभूलेखवर आजचा सातबारा मिळतो, जुने स्कॅन केलेले फेरफार 'आपले अभिलेख' वर, पण तिथे सर्वे नंबर किंवा गट नंबर लागतो. जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरणात जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून दोन्ही माहीत करून घ्या. शिवाय २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध झाला तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी पानं आपापल्या वेबसाइटवर टाकलीत, तुमचं गाव त्यात असेल तर घरबसल्या काम होईल. घरातलं कोणी हरिद्वारला जाऊन आलं असेल तर पंड्यांच्या वह्या विसरू नका, त्यातल्या काही फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात, फक्त अकाउंट काढावं लागतं.

प्रश्न : माळ्यावर मोडी कागद सापडला. वाचून घेतला तर तारीख 'सन इसन्ने सितैन मया व अलफ' निघाली. हे कुठलं साल?

उत्तर : हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, अरबी आकड्यांत आणि उलटा लिहितात. इसन्ने २, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, झाले ११६२. त्यात ५९९ मिळवा, १७६१. वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७६२. पानिपतानंतरचा कागद आहे तुमच्याकडे, लॅमिनेट करू नका प्लीज!

प्रश्न : आमच्या कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या माहितीच्या पुस्तकात, खापरपणजीचं माहेर दिलेलंच नाही.

उत्तर : बऱ्याच जुन्या कुलवृत्तांतांत तसंच आहे, सून आली की तिचं नाव बदललं आणि माहेर गायब. तिच्या भावाकडच्या घराण्याचा अंदाज असेल तर त्यांचा कुलवृत्तांत बघा, तिथे मुलगी म्हणून असेल, लग्नाआधीच्या नावाने. पुण्यात नगर वाचन मंदिर, मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्हीकडे आधी फोन करून विचारा.