बोनसच्या आदल्या दिवशी

प्रश्न : नमस्कार ताई. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या उत्तरांसाठी तुमचं सदर मी नेमाने वाचतो, पण आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. माझा भाचा अटलांटाला असतो. तिथल्या अटलांटा फाल्कन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो भक्त आहे आणि त्याच्या नादाने मीही इथे मुलुंडला रात्री जागून सामने बघायला लागलो. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा मुख्य खेळाडू, मॅट रायन 14 वर्षं त्या एकाच संघाकडून खेळला. मार्च 2022 मध्ये त्याला 75 लाख डॉलरचा बोनस मिळायचा होता आणि बरोबर आदल्या दिवशी संघाने त्याला इंडियानापोलिसच्या संघाला देऊन टाकलं. भाचा म्हणतो, बोनस वाचवायला केलं. तोच पुढे म्हणतो की या व्यवहारात अटलांटाच्या डोक्यावर 4 कोटी डॉलर बसले. 75 लाख वाचवायला कोणी 4 कोटी घालवतं का? मला हा हिशेब लागत नाही. आणि हिशेब लागला तरी, 14 वर्षं राबलेल्या माणसाला असं काढावं हे मनाला पटत नाही. भाच्याने तर रायनची 2 नंबरची जर्सी घरकाम करणाऱ्या माणसाला देऊन टाकायला काढली आहे.
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हिशेब आधी मिटवते, कारण तो मिटणारा आहे. मनाला न पटण्याबद्दल नंतर लिहिते, आणि तिथे मला जास्त जागा लागेल.

रायनचा बोनस बुडाला नाही. एनएफएल या त्यांच्या लीगमध्ये खेळाडूचं ट्रेड झालं, म्हणजे एका संघाने त्याला सौदा करून दुसऱ्याला दिलं, की त्याचा करारही त्याच्याबरोबर जातो. पगार, बोनस, तारखा, सगळं जसंच्या तसं. सोमवार, 21 मार्च 2022 ला रायन इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला आणि मंगळवारी द्यायच्या 75 लाखांची जबाबदारी त्यांच्यावर गेली. बदल्यात अटलांटाला नव्या खेळाडूंच्या निवडीतली, म्हणजे ड्राफ्टमधली, तिसऱ्या फेरीची एक जागा मिळाली. एवढाच सौदा.

आता ते 4 कोटी. आमच्या कारखान्यात दिवाळीला फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स मिळायचा. तो 10 हप्त्यांत पगारातून कापला जाई. चार हप्ते कापून झाल्यावर कोणी राजीनामा दिला, की उरलेले सहा त्याच्या फुल अँड फायनलमध्ये एकदम लागत. पैसे त्याने दिवाळीतच खर्च केलेले असत, वहीत मात्र ते अजून शिल्लक दिसत. रायनच्या बाबतीत नेमकं हेच झालं, फक्त कापणी त्याच्या खिशातून न होता संघाच्या खात्यात झाली.

एनएफएलमध्ये 1994 पासून प्रत्येक संघाच्या खेळाडूंवरच्या खर्चाला वरची मर्यादा आहे. तिला ते सॅलरी कॅप म्हणतात. 2022 मध्ये ती प्रत्येक संघाला 20 कोटी 82 लाख डॉलर होती. पण करारावर सही करताना जो बोनस रोख देतात, तो मर्यादेच्या हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो. मे 2018 मध्ये अटलांटाने रायनशी 5 वर्षांचा, 15 कोटी डॉलरचा करार केला. पुढे मर्यादा आड आली की त्याच्या पगाराचा काही भाग बोनसमध्ये फिरवायचा आणि पुढच्या वर्षांवर ढकलायचा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. माणूस गेला की हे ढकललेले सगळे हप्ते त्याच वर्षात येऊन पडतात. त्याला तिकडे ‘डेड मनी’ म्हणतात. रायनचे असे 4 कोटी 5 लाख निघाले. एका खेळाडूपोटी इतका डेड मनी तोवर कुठल्याही संघाने सोसला नव्हता.

म्हणजे ते पैसे रायनच्या हाती कधीच पोचले होते. त्याला ठेवलं असतं तरी त्या वर्षी त्याच्या नावावर 4 कोटी 86 लाखांच्या आसपास पडले असतेच, आणि त्यातले पगार व तो बोनस मिळून जवळजवळ 2 कोटी 37 लाख नव्याने मोजावे लागले असते. अटलांटाने जुनी उधारी एका वर्षात फेडून टाकली. भाच्याला सांगा, 75 लाख आणि 4 कोटी हे एका तराजूत घालायचे आकडेच नाहीत.

आता तारखेचं.

मी एल.बी.एस. मार्गावरच्या एका कारखान्यात 28 वर्षं टाइम ऑफिसमध्ये होते. नाव लिहीत नाही. आमच्याकडे कायम कामगारांचं मस्टर निळं आणि टेम्पररींचं खाकी. टेम्पररी माणसाचे वर्षात 240 दिवस भरले की त्याला कायम करावं लागायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणून खाकी मस्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे भरलेले दिवस मी पेन्सिलीने मांडत जायचे आणि 225 च्या घराशी लाल पेन्सिलीची एक टिंब द्यायची. तशी सूचनाच होती. टिंब आली की आठवड्याभरात वरून चिठ्ठी यायची आणि माणसाला ‘ब्रेक’ मिळायचा. पेंट शॉपमध्ये एक मुलगा होता, कळव्याहून यायचा. 231 वा दिवस. संध्याकाळी कार्ड पंच करायला आला तेव्हा घड्याळाशेजारच्या खणात त्याचं कार्ड नव्हतं. माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, कार्ड खाली पडलंय का कुठे?” ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. टिंब मीच दिली होती.

हे लिहिते आहे कारण तुमच्या पत्रातला राग मला आतून कळतो. तारखेच्या तोंडावर माणूस हलवला, हे वाचलं की मलाही आधी तो खण आठवतो. पण माझ्या मुलाच्या नादाने मी या खेळाडूंचे करार वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मार्चमधली ती तारीख संघाच्या लाल पेन्सिलीची नसते, ती खेळाडूच्या बाजूने घातलेली असते.

का, ते बघा. एनएफएलचं आर्थिक वर्ष मार्चच्या मध्यावर सुरू होतं. संघ 32, म्हणजे पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकच्या खुर्च्याही 32 च. मार्चमध्ये त्यातल्या काही रिकाम्या असतात आणि संघांच्या हाताशी पैसा असतो. एप्रिलअखेर ड्राफ्टमधून नवी पोरं येतात. ऑगस्टपर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात. करारात तारीखच नसेल, तर पस्तिशीच्या खेळाडूला संघ ऑगस्टपर्यंत आधाराला धरून ठेवेल आणि नवा मुलगा तयार झाला की सोडून देईल. तेव्हा त्याने जायचं कुठे? म्हणून त्याचा एजंट भांडून एक कलम घालून घेतो : नव्या वर्षाच्या तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी हा माणूस तुमच्या यादीत असेल तर इतके पैसे द्या. हाच रोस्टर बोनस. ठेवायचं असेल तर पैसे मोजा, नसेल तर आत्ताच मोकळं करा, बाजार उघडा आहे तोवर. आमच्या पेंट शॉपच्या मुलाला असं एक कलम मिळालं असतं तर त्याने दुसरीकडे नोकरी तरी वेळेत शोधली असती.

त्यामुळे आदल्या दिवशी ट्रेड झालं यात मला विश्वासघात दिसत नाही. ते कलम ज्यासाठी असतं तेच त्याने केलं.

मला खुपतं ते वेगळंच, आणि ते तुमच्या पत्रात नाही. रायनच्या बोनसची मूळ तारीख 22 मार्च नव्हतीच, ती 18 मार्च होती. त्या आठवड्यात अटलांटा संघ ह्यूस्टनच्या डेशॉन वॉटसनला आणायच्या खटपटीत होता, रायनच्या जागी. त्यांना चार दिवस हवे होते आणि ते रायनने दिले, त्याच्या संमतीवाचून तारीख पुढे जाणारच नव्हती. 18 तारखेला वॉटसनने क्लीव्हलँड निवडलं. अटलांटाचे हात रिकामे राहिले, आणि तीन दिवसांनी रायन गेला. ज्या माणसाच्या खुर्चीवर दुसरा बसवायचा आहे, त्याच्याचकडे ‘तुझी तारीख जरा पुढे घे’ असं मागणं मला गैर वाटतं. करारात बसत असेल, तरीही. 14 वर्षांच्या नात्याला बट्टा लागला असेल तर तो इथे, सोमवारच्या सौद्यात नाही. रायनला त्या चार दिवसांत पुढचं घर बघता आलं हे खरं, पण मागणाऱ्याने मागायला नको होतं.

तारीख न सोडणारे खेळाडूही आहेत. डेरेक कार लास वेगास रेडर्सकडे होता. 2022 च्या हंगामात दोन सामने उरले असताना त्याला बाकावर बसवलं. त्याच्या करारात फेब्रुवारीत, सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना संपल्यावर तीन दिवसांनी, 4 कोटींहून जास्त डॉलरची हमी लागू होणार होती. रेडर्सना त्याआधी ट्रेड करायचं होतं. पण कारकडे नो-ट्रेड कलम होतं, त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठे पाठवता येत नव्हतं. त्याने तारीखही पुढे नेली नाही आणि ट्रेडलाही रुकार दिला नाही. 14 फेब्रुवारी 2023 ला रेडर्सना त्याला नुसतंच सोडावं लागलं, बदल्यात काही न मिळता. मार्चमध्ये त्याने आपल्या मर्जीने न्यू ऑर्लिन्सशी 4 वर्षांचा, 15 कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा पुष्कळांनी त्याला हट्टी म्हटलं. मी म्हणणार नाही.

पेटन मॅनिंगचं उदाहरण भाच्याला माहीत असेल. इंडियानापोलिसचाच तो. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे 2011 चा पूर्ण हंगाम बाहेर बसला, 8 मार्च 2012 ला 2 कोटी 80 लाख डॉलरचा बोनस यायचा होता, आणि 7 तारखेला त्याला सोडलं. मालक आणि खेळाडू शेजारी उभे राहून पत्रकारांसमोर बोलले, दोघांचेही डोळे भरलेले. महिना संपायच्या आत मॅनिंग डेन्व्हरला होता आणि फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांच्याकडून सुपर बोल जिंकून निवृत्त झाला. तीच सुटका ऑगस्टमध्ये झाली असती तर डेन्व्हरला त्याच्यासाठी जागा करता आली असती का, याचा विचार करा.

आपल्या आयपीएलमध्ये हा गुंता नाही. तिथेही ट्रेड होतं, नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक गुजरातहून मुंबईला परत आला तसं, पण पुढच्या वर्षांवर ढकललेल्या बोनसची उधारी मागे राहत नाही. वानखेडेवर पुढे त्याची जी हुर्यो झाली तिचा पैशाशी संबंध नव्हता, ती कप्तानपदाची होती.

रायनचं पुढे बरं झालं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. इंडियानापोलिसने हंगामाच्या मध्यावरच त्याला बसवलं, पुन्हा खेळवलं, आणि 17 डिसेंबर 2022 ला मिनेसोटाविरुद्ध 33-0 अशी आघाडी घेऊन ते 39-36 ने हरले. एवढी आघाडी तिथे कोणी कधीच घालवली नव्हती. मार्च 2023 मध्ये त्यांनीही त्याला सोडलं.

जर्सीबद्दल मात्र भाच्याशी बोला. एप्रिल 2024 मध्ये रायनने निवृत्ती जाहीर केली ती अटलांटाशी एक दिवसाचा करार करून, फाल्कन्सचा खेळाडू म्हणूनच. त्याच्या मनात त्या संघाबद्दल अढी असती तर त्याला ती सही करायची काही गरज नव्हती. चार दिवस देणाराही तोच आणि परत येऊन सही करणाराही तोच. जर्सी त्याची आहे, संघाच्या मालकाची नाही. धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवायला सांगा.