पंप, पातळ औषध आणि ‘वाफ’: लहान मुलांच्या दम्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत औषध कोणतं हे फारसं कुणी विचारलेलं नाही. ते द्यायचं कसं, हेच विचारलंय आणि ते योग्यच आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत चिठ्ठीवर लिहिलेला डोस एक असतो आणि प्रत्यक्ष फुफ्फुसात उतरलेला दुसराच. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. तुमच्या मुलाचा डोस मात्र त्याच्या चिठ्ठीवरचाच धरायचा.

मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. पंप, स्पेसर (पंप आणि मास्क यांच्यामधली प्लास्टिकची नळकांडी) आणि मास्क दिलाय. मास्क जवळ नेला की आकांत करते. सासूबाई म्हणतात, रडताना मोठा श्वास घेते, तेव्हा औषध जास्त जातं. झोपेत दिलं तर चालेल का? (एक आई, सांगली)

रडताना श्वास जोरात ओढला जातो हे खरं, पण गडबड त्या जोरामुळेच होते. वेगाने आत आलेले औषधाचे कण घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात, तिथेच चिकटतात आणि गिळले जातात. त्यात रडणं म्हणजे लांबलचक बाहेर सोडलेला श्वास आणि मध्येच एक हुंदका. डोकं हलतं, मास्क सुटतो आणि औषध खोलीत जातं. आपल्याला हवा तो शांत, नेहमीचा श्वास. झोपेत देऊन बघायला हरकत नाही, पण बरीच मुलं गालाला मास्क लागताच दचकून उठतात आणि मग झोपायलाच घाबरू लागतात. रोजचा मार्ग म्हणून ते नको.

मुलीला मांडीवर ताठ बसवा, तिची पाठ तुमच्या छातीला टेकलेली असू द्या. आडवं धरून देऊ नका. टोपण काढल्यावर पंपाच्या आणि स्पेसरच्या तोंडात नजर टाका. टोपणाविना पर्समध्ये फिरलेल्या पंपात काहीही अडकू शकतं. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. बहुतेक पंपांत औषध द्रवात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं आणि ठेवल्या जागी थर धरतं. न हलवता दाबलात तर एका पफमध्ये (एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात) कमी आणि दुसऱ्यात जास्त, असं होतं. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत पफ सोडायचे असतात. किती, ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

पंप स्पेसरच्या मागच्या टोकात उभा बसवा, धातूची डबी वरच्या बाजूला. मास्कमध्ये नाक आणि तोंड दोन्ही आलं पाहिजे, आणि कडा गालांवर सगळीकडून टेकल्या पाहिजेत. मास्क डोळ्यांवर चढत असेल तर तो मोठा आहे, बदलून घ्या. बारीकशी फट राहिली तरी डोस बराच घटतो. आता पंप एकदाच दाबा आणि पाच-सहा श्वास होईपर्यंत, म्हणजे साधारण १० सेकंद, मास्क तसाच धरा. स्पेसरची झडप हलताना दिसते, श्वास तिच्यावरून मोजा. दुसरा पफ असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून द्या. घाईत दोन पफ एकदम दाबले जातात, ही नेहमीची चूक. दाट झालेले कण एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात आणि दोन पफ मारूनही मुलीला दोन पफचं औषध मिळत नाही.

रडण्यावर उपाय डोसच्या वेळी सापडत नाही, तो इतर वेळी करायचा. नुसता मास्क पंपाशिवाय खेळायला द्या. बाहुलीला लावा, स्वतःला लावून दाखवा. मग काही क्षण तिच्या गालाला. एखादं बडबडगीत ठरवा आणि ते संपलं की मास्क निघतो हे तिला कळू द्या. रोजच्या पंपासाठी दात घासण्याच्या आधीची वेळ धरा, म्हणजे तोंड धुणंही आपोआप होतं. धाप लागलेली असेल तेव्हा मात्र रडतेय म्हणून थांबायचं नाही. दुसऱ्या कुणाला डोकं स्थिर धरायला सांगा आणि द्या.

दोन पंप आहेत, एक धापेचा आणि एक रोजचा. खोकला गेला की रोजचा बंद करतो, सवय लागेल म्हणून. स्टेरॉइडने उंची खुंटते का? (एक वडील, ठाणे)

धापेच्या पंपात साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असतं. आवळलेल्या श्वासनलिका ते पाचेक मिनिटांत सैल करतं आणि त्याचा असर चार ते सहा तास टिकतो. रोजच्या पंपातलं बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड नलिकांच्या आतली सूज उतरवतं, पण त्याला दिवस-आठवडे लागतात. म्हणून धापेच्या वेळी रोजचा पंप मारून उपयोग नाही, आणि खोकला थांबला म्हणून तो बंद केला तर सूज तशीच राहते, फक्त दिसत नाही. कमी करायचा की थांबवायचा, हे साधारण तीन महिन्यांनी डॉक्टर मुलाला तपासून ठरवतात. सवय लागत नाही.

रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो. चिकटपट्टीवर ‘रोज’ आणि ‘धाप’ असं ठळक लिहून पंपांना लावा. आणखी एक. साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम आणि लेव्होसाल्ब्युटामॉल ५० मायक्रोग्रॅम हे दोन वेगळे उपाय नव्हेत, एकाच कामाची औषधं आहेत. कपाटात जुना एक आणि नवा एक असला की घरचे दोन्ही देतात आणि डोस दुप्पट होतो. दोन्ही पंप एकाच वेळी द्यायचे असतील तर धापेचा आधी, पाच मिनिटांनी रोजचा. रोजच्यानंतर चूळ भरायला लावा. जमत नसेल तर पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

उंचीबद्दल सरळ उत्तर देता येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड दिलं आणि ती मोठी होईपर्यंत मोजत राहिले. २०१२ साली निकाल आला: प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी. म्हणजे परिणाम आहे, पण बोटाच्या पेरापेक्षाही कमी. म्हणूनच डॉक्टर पुरेल तितकाच कमी डोस ठेवतात आणि उंची मोजत राहतात. वारंवार येणाऱ्या धापेला पर्याय म्हणून १.२ सेंटिमीटर आम्हाला तरी महाग वाटत नाही.

नातवाला तीन दिवस प्रेडनिसोलोनचं पातळ औषध लिहिलंय, रोज १२ मिग्रॅ. मागची बाटली घरात होती, मेडिकलमधून दुसरीच मिळाली. चमचे किती द्यायचे? (एक आजोबा, अकोला)

चमचे नाहीच. आणि आधी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून वाचा. हे स्टेरॉइडचं औषध दोन ताकदींत मिळतं: एकात ५ मिलीमध्ये ५ मिग्रॅ, दुसऱ्यात ५ मिलीमध्ये १५ मिग्रॅ. १२ मिग्रॅसाठी पहिलं १२ मिली लागेल, दुसरं फक्त ४ मिली. बाटल्यांची अदलाबदल झाली तर नातवाच्या पोटात एक तर ३६ मिग्रॅ जातील नाहीतर ४. हिशेब असा: हवे असलेले मिग्रॅ गुणिले ५, भागिले लेबलवर ५ मिलीपुढे लिहिलेले मिग्रॅ. उत्तर मिलीमध्ये येतं. ते मेडिकलवाल्याकडून पडताळून बाटलीवर पेनाने लिहा. चिठ्ठीवर नुसतं ‘४ मिली’ लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून मिग्रॅही लिहून घ्या, म्हणजे दुकानात बाटली बदलली तरी चूक पकडता येते.

स्वयंपाकघरातला चमचा कुणाचा ३ मिलीचा, कुणाचा ७ मिलीचा. बिनसुईची सिरिंज घ्या, तिचं टोपण आधीच फेकून द्या (मुलं ते तोंडात घालतात), आणि बुडबुडा वर आणून काढून टाका. औषध कडू असतं. जिभेवर न सोडता गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, घशात पिचकारी मारू नका. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळलंत आणि अर्धं दूध उरलं तर किती गेलं ते कुणालाच कळत नाही. सकाळी, काहीतरी खाल्ल्यावर द्या. ओकारी झाली तर किती मिनिटांनी झाली ते सांगून डॉक्टरांना विचारा, मनाने पुन्हा देऊ नका. कोर्स सहसा तीन ते पाच दिवसांचा असतो. उरलेली बाटली ‘पुढच्या वेळी’साठी ठेवू नका, आधीचीही टाकून द्या. आणि घरात किंवा बालवाडीत कुणाला कांजिण्या झाल्या असतील तर हे औषध चालू असल्याचं डॉक्टरांना लगेच कळवा.

तुमच्या पत्रात खोकल्याच्या औषधाचाही उल्लेख आहे. त्याचं लेबल वाचा. अशा बऱ्याच मिश्रणांत साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालीन असतं, म्हणजे पंपातल्याच प्रकारचं औषध पुन्हा पोटातून. हात थरथरतात, छातीत धडधडतं, मूल रात्री झोपत नाही, आणि घरचे समजतात दमा वाढला. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखाली देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. तो इशारा अगदी बारीक अक्षरात सापडतो.

घरी वाफेचं मशीन घ्यावं का? तोवर पातेल्याची वाफ दिली तर? (एक आई, जळगाव)

मराठीत दोन्हींना ‘वाफ’ म्हणतात, घोटाळा तिथेच सुरू होतो. नेब्युलायझरमधून येतं ते औषधाचं गार धुकं. पातेल्यातून येते ती नुसती गरम वाफ, त्यात औषध नाही, दमा उतरत नाही आणि पोळण्याचा धोका मात्र पुरेपूर.

मशीनची बहुतेक घरांना गरज नसते. साध्या आणि मध्यम धापेत स्पेसरमधून दिलेला पंप तितकंच काम करतो, वेळ कमी घेतो आणि लोडशेडिंगमध्येही चालतो. डॉक्टरांनी मशीन सांगितलंच असेल तर औषधाचं माप नीट बघा. साल्ब्युटामॉलच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये २.५ मिलीत २.५ मिग्रॅ तयार असतं. पण याच औषधाची बाटली येते तिच्यात १ मिलीला ५ मिग्रॅ. २.५ मिग्रॅसाठी तिच्यातून फक्त अर्धा मिली घेऊन बाकीचं सलाइन घालायचं असतं. कुपी समजून २.५ मिली ओतलं की १२.५ मिग्रॅ, पाचपट! सलाइनऐवजी साधं पाणी वापरू नका, त्याने श्वासनलिका उलट आवळतात. मास्क चेहऱ्यापासून लांब धरला तर औषध हवेत जातं. बुडेसोनाइड अल्ट्रासॉनिक मशीनमधून नीट जात नाही, खरेदीआधी विचारा.

सासऱ्यांकडे कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला तेच चालेल? (धुळे)

नाही. ती भुकटी मुलाला स्वतःच्या दमाने खेचावी लागते आणि पाच-सहा वर्षांखाली तेवढी ताकद नसते. शिवाय औषध सासऱ्यांच्या मापाचं आहे. ती कॅप्सूल गिळायचीही नसते.

माँटेलुकास्ट (तोंडाने घ्यायचं दम्याचं औषध) सुरू केल्यापासून मुलगा रात्री किंचाळत उठतो. संबंध असेल? (पणजी)

असू शकतो. वाईट स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा असे परिणाम माहीत आहेत आणि मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत ठळक इशारा लावला. डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

छाती भरली की आजी ओव्याची धुरी देतात. (बीड)

थांबवा. निखाऱ्याचा धूर हा धूरच, ओवा घातल्याने तो औषध होत नाही. धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांनाही तेच लागू. आजींना हातभार लावायचाच असेल तर पंपाच्या वेळी गाणं म्हणायचं काम त्यांच्याकडे द्या.

रात्री दोनला धाप लागली तर घरी किती पफ द्यायचे आणि निघायचं कधी? (एक वडील, पुणे)

डॉक्टरांनी लेखी योजना दिली असेल तर तीच. नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या आणि एक प्रत बालवाडीत द्या. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वसाधारण पद्धत अशी: ताठ बसवून १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉलचे २ पफ, एकेक करून, स्पेसरमधून. गरज वाटली तर २० मिनिटांनी आणखी २, त्यानंतर २० मिनिटांनी पुन्हा २. पहिल्या दोन तासांत ६ पफपेक्षा जास्त लागताहेत असं दिसलं की घरी थांबायचं नाही. आराम मिळण्याचा वेळ दर डोसला कमी होत असेल तरीही नाही. वर्षाखालच्या बाळाला काही तासांत पुन्हा पुन्हा पंप लागतोय, एवढंच कारण निघायला पुरे.

काही खुणा दिसल्या तर पफ मोजत बसायचं नसतं: बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, दूध किंवा पाणी न पिणं, धड रडताही न येणं, ओठ निळसर होणं, मूल मलूल पडणं. घरघर एकदम थांबली पण मूल अजून धडपडतंय, तर तो आराम नव्हे. हवा आत-बाहेरच होत नाहीये. १०८ लावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा आणि वाटेत पंप देत राहा. पोट उडतंय असं वाटलं तर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मूल शांत असताना एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, २ महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाने चाललाय.

पंप संपला कसा ओळखायचा? पाण्यात टाकून बघतात ना? आणि स्पेसर धुवायचा का? (कोल्हापूर)

पाण्यात तरंगवून काही कळत नाही, उलट तोंडात पाणी जातं. हलवून आवाज आला तरी खात्री नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसत राहतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो बघा. नसेल तर खोक्यावरचे पफ मोजा: १२० पफ, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, म्हणजे ३० दिवस. २०० चे ५० दिवस. संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी पंपावर लिहा. पंप फ्रिजमध्ये नको, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गॅसजवळ तर अजिबात नको.

नवा स्पेसर वापरण्याआधी एकदा आणि मग आठवड्याला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवून काढा. फडक्याने पुसू नका. घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. फेस निथळू द्या आणि उभा ठेवून आपोआप वाळू द्या. खंगाळायचा की नाही हे कंपनीनुसार बदलतं, सोबतचा कागद बघा. खंगाळायचा नसेल तरी मास्क मात्र नक्की खंगाळा, नाहीतर गालांना साबण झोंबतो. झडप वाकली, चिकटली किंवा चिरली असेल तर स्पेसर बदला.